यादी आहे, हिशेब नाही

शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे काही गोष्टी हमखास असतात. थोर पुरुषांच्या तसबिरी, पटसंख्येचा फळा, सुट्ट्यांचे वेळापत्रक. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यांत आणखी एका चौकटीची भर पडली आहे. 'आपत्कालीन सज्जता' असे तिचे शीर्षक असते आणि खाली एक ते दहा क्रमांक टाकून यादी लिहिलेली असते. विजेरी. मेणबत्त्या व काडेपेटी. जनरेटर. पिण्याचे पाणी. कोरडे खाद्यपदार्थ. प्रथमोपचार पेटी. रेडिओ. दोर. महत्त्वाची कागदपत्रे. आवश्यक दूरध्वनी क्रमांक. छापील पत्रके, प्रशिक्षणवर्गांतल्या पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या पावसाळी पुरवण्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच यादी आढळते.

या लेखात आम्हांला या यादीचे परीक्षण करायचे आहे. परीक्षण पुस्तकाचे करतात, नाटकाचे करतात. यादीचे कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या मजकुरावर विसंबून माणसे एखाद्या काळरात्रीला सामोरी जातात, तो मजकूर दहाच ओळींचा असला तरी नीट वाचून पाहायला हवा. शिवाय या परीक्षणात आमचा स्वतःचाही दोष आहे. अशी एक यादी आम्हीच लिहून दिली होती.

झाले ते असे. कोकण किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञानदिनाच्या व्याख्यानासाठी आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी निघताना विचारले, "सर, आपत्तीच्या तयारीसाठी काय काय जमवून ठेवावं, तेवढं लिहून द्याल का?" चहा संपेपर्यंत आम्ही दहा वस्तू लिहून दिल्या. बाईंनी त्या सुवाच्य अक्षरात काढून भिंतीवर लावल्या आणि, हे महत्त्वाचे, त्यांतली प्रत्येक वस्तू मिळवली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे शाळा बंदच होती. आसपासच्या कौलारू आणि पत्र्याच्या घरांतली ऐंशी माणसे शाळेच्या पक्क्या इमारतीत येऊन राहिली. पुढच्या वर्षी आमचे तिकडे जाणे झाले तेव्हा बाईंनी चौकटीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या यादीतलं सगळं आमच्याकडे होतं. वेळेला उपयोगी मात्र फारच थोडं पडलं."

त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हांला अधिक लागले. मग त्यांनी एकेका वस्तूचे काय झाले ते सांगितले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. पुढचे सारे विवेचन त्या वहीवर आधारलेले आहे.

नामांची यादी

आमच्या यादीत दहा नामे होती. एकही संख्या नव्हती. एकाही वस्तूची जागा लिहिलेली नव्हती. कोणती वस्तू केव्हा तपासायची, हे नव्हते. कोणाच्या जबाबदारीवर ती आहे, हेही नव्हते. किती, कुठे, केव्हा आणि कोण, या चार प्रश्नांची उत्तरे नसलेली यादी म्हणजे बाजारात न्यायची चिठ्ठी होय. वस्तू घरात आली की अशा चिठ्ठीचे काम संपते. आपत्तीच्या यादीचे काम मात्र तेव्हा कुठे सुरू होते. आम्ही विज्ञानाचे पदवीधर. मोजमापाशिवाय एक वाक्य लिहायचे नाही हे आमच्या व्यवसायात शिकवले जाते. तरी शाळेसाठी लिहिताना आम्ही ते विसरलो, कारण हा विषय विज्ञानाचा नाही, सामान्य शहाणपणाचा आहे असे मनात कुठेतरी धरून चाललो होतो. छापील पत्रके लिहिणाऱ्यांचेही बहुधा असेच होत असावे.

किती?

प्रथम पाणी पाहू. यादीत 'पिण्याचे पाणी' असे दोन शब्द होते आणि शाळेच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी होती. माणसाला पिण्यासाठी दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी लागते असे धरू. ऐंशी माणसांना दोनशे चाळीस लिटर, म्हणजे भरलेली टाकी चार दिवस पुरायला हवी. पण माणूस केवळ पीत नाही. हात धुणे, स्वयंपाक, शौच हे सारे धरून मदतछावणीत माणशी किमान पंधरा लिटर पाणी द्यावे असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. त्या हिशेबाने ऐंशी माणसांना दिवसाला बाराशे लिटर लागतात. तीच टाकी, तीच माणसे; पिण्यापुरते राखले तर चार दिवस, नळ मोकळा सोडला तर एक दिवसही नाही. कोणती तोटी बंद करायची आणि शौचासाठी विहिरीचे पाणी कोण काढणार हे आधी ठरवलेले असले, तर टाकी न बदलता पाच पट पुरते. त्या दिवशी टाकी मुळातच अर्धी होती. ती रोज सकाळी पंपाने भरत आणि वीज सकाळीच गेली होती.

येथे वर्गात मांडण्याजोगे एक छोटे गणित आहे. एक हजार लिटर, म्हणजे एक हजार किलो पाणी पाच मीटर उंच चढवायला किती ऊर्जा लागते? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: १००० × ९.८ × ५ = ४९,००० ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे छत्तीस लाख ज्यूल, म्हणून हे झाले ०.०१४ युनिट. पंपाची कार्यक्षमता एक-तृतीयांश धरली तरी ०.०४ युनिट. नऊ वॅटचा एक दिवा साडेचार तास जाळायला एवढीच वीज लागते. वादळाचा इशारा आदल्या दिवशी मिळतो. त्या संध्याकाळी एवढीशी वीज खर्चून टाकी काठोकाठ भरून घेणे ही सर्वांत स्वस्त सज्जता होती. आमच्या यादीत ती नव्हती.

आता वीज. यादीत 'जनरेटर' होता, पण शाळेकडे संगणकाच्या खोलीत एक इन्व्हर्टरही होता. त्याची बॅटरी बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासांची. "रात्रभर चालेल असं आम्ही धरून चाललो होतो," बाई म्हणाल्या. वारा पडल्यावर चारच्या सुमारास त्यांनी तो सुरू केला. ओल्या कपड्यांतली माणसे दाटीवाटीने बसलेली, म्हणून दोन पंखे आणि चार ट्यूब लावल्या. सातच्या आत इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडला आणि खरा अंधार तेव्हा सुरू झाला.

यात बॅटरीचा दोष नाही. बारा गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करत गेलो तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगे धरू ९००. इन्व्हर्टरमध्ये सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो, उरले ७२०. पंच्याहत्तर वॅटचे दोन पंखे आणि वीस वॅटच्या चार एलईडी ट्यूब मिळून २३० वॅट. ७२० भागिले २३०, म्हणजे जेमतेम तीन तास. बॅटरी आपल्या परीने अचूक वागली होती.

त्यातही एक बारकावा आहे. बॅटरीवर लिहिलेले दीडशे अँपिअर-तास हे ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तर, म्हणजे साडेसात अँपिअरच्या धारेने, मिळतात. २३० वॅटच्या भाराला बॅटरीतून जवळजवळ चोवीस अँपिअर खेचले जातात, आणि इतक्या वेगाने रिकामी केलेली बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही. उलट, पंखे बंद ठेवून दोनच ट्यूब लावल्या असत्या तर भार ४० वॅट आणि वेळ अठरा तास. नऊ तासांची एक रात्र धरली तर दोन रात्री उजेड मिळाला असता. किंवा एक रात्र उजेड आणि उरलेल्या विजेत, प्रत्येकी वीस वॅट-तास धरून, अठरा मोबाइल फोन. काय हवे आहे हे निवडण्याची संधी होती. ती निवड न करता हातून गेली.

याच संदर्भात आणखी एक आकडा शिक्षकांनी लक्षात ठेवावा. बारा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला १२ × ४.२ × ७५ = ३,७८० किलोज्यूल, म्हणजे १.०५ युनिट ऊर्जा लागते. चार माणसांच्या कुटुंबाचे एका दिवसाचे पिण्याचे पाणी उकळण्यात वर सांगितलेली अख्खी बॅटरी संपेल आणि तरीही पाणी उकळणार नाही. तेच काम स्वयंपाकाचा गॅस करील, तर निम्मी उष्णता वाया गेली असे धरूनही सुमारे १६५ ग्रॅम गॅस पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. तो हे काम पंच्याऐंशी वेळा करील. म्हणून बॅटरी उजेडासाठी आणि संदेशासाठी, उष्णतेसाठी इंधन, अशी कामाची वाटणी आधीच करावी लागते. 'पर्यायी वीज' या शब्दाने ही वाटणी झाकली जाते.

कुठे?

शाळेचा छोटा पेट्रोल जनरेटर इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. वाऱ्याने विजेच्या तारा तोडल्या. त्याच वाऱ्याने शेडचे पत्रे उडवले आणि शेजारचे झाड दारावर आडवे केले. मुख्य व्यवस्था आणि तिचा पर्याय, दोन्ही एका तासात एकाच कारणाने गेले.

हा प्रकार कोकणातल्या एका शाळेपुरता नाही. जगातल्या अत्यंत सुसज्ज मानल्या गेलेल्या एका अणुवीज केंद्रात हेच घडले. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानमध्ये भूकंप झाला आणि फुकुशिमा दाईची केंद्राला बाहेरून मिळणारी वीज बंद पडली. अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे थांबल्या, पण थांबलेली अणुभट्टीही किरणोत्सारी क्षयामुळे उष्णता देत राहते. तिला थंड ठेवायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. आपत्कालीन डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली. सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामीची मोठी लाट आली. बहुतेक जनित्रे समुद्राकडच्या इमारतींच्या तळघरांत होती, ती बुडाली.

यातला सर्वांत शिकवून जाणारा तपशील मात्र वेगळाच आहे. हवेने थंड होणारी दोन जनित्रे दुसऱ्या इमारतीत, जमिनीच्या पातळीवर होती. ती बुडाली नाहीत. पण त्यांची वीज जिथून वाटली जायची ते वितरण फलक तळघरात होते. फलक बुडाले आणि धडधाकट जनित्रे निरुपयोगी झाली. नियंत्रण कक्षातल्या माणसांना मापकांवरचे आकडे वाचण्यासाठी आवारातल्या मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणाव्या लागल्या. सहाव्या अणुभट्टीचे हवेने थंड होणारे एक जनित्र तेवढे चालू राहिले, आणि त्या एकाच्या विजेवर पाचवी व सहावी या दोन्ही अणुभट्ट्या वाचल्या.

पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २०१२ रोजी, सँडी वादळाचे पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरले. तेथील बेलव्ह्यू रुग्णालयाची जनित्रे चांगली तेराव्या मजल्यावर होती. त्यांना तेल चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाल्यावर कर्मचारी आणि सैनिकांनी जिन्यावर रांग करून तेल हातोहात तेरा मजले वर नेले. अखेरीस रुग्णालय रिकामे करावे लागलेच. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूर शहरात पाणीच पाणी झाले होते, पण पाणी उपसा केंद्रेच पुरात गेल्यामुळे घरातले नळ कोरडे होते.

या घटना एका तत्त्वात बसतात. वरिष्ठ वर्गांना संभाव्यता शिकवताना आपण सांगतो की दोन स्वतंत्र घटना एकदम घडण्याची संभाव्यता काढायची तर दोन्ही संभाव्यतांचा गुणाकार करावा. समजा, एखाद्या दिवशी वीज जाण्याची संभाव्यता शंभरात एक आहे आणि जनरेटर ऐनवेळी सुरू न होण्याची वीसात एक. गुणाकार दोन हजारांत एक येतो आणि आपण निर्धास्त होतो. पण 'स्वतंत्र' हा शब्द या गणिताचा प्राण आहे. ज्या वादळाने वीज गेली, त्याच वादळाने शेड पडणार असेल तर जनरेटर बंद असण्याची त्या दिवसाची संभाव्यता वीसात एक राहत नाही. ती निम्म्याच्या घरात जाते. पर्याय हाताशी असणे पुरेसे नाही, तो मूळ व्यवस्थेच्या शत्रूपासून दूर असला पाहिजे. पुराच्या गावात तो उंचावर, वादळाच्या गावात पक्क्या भिंतींच्या आड. आणि केवळ यंत्रच नव्हे, तर त्याची तार, कळ, इंधन आणि खोलीची किल्लीसुद्धा.

यादी वस्तू वेगवेगळ्या ओळींवर लिहिते, त्यामुळे त्यांच्यातले हे अवलंबित्व दिसत नाही. आमच्या मते हा तिच्या रचनेतलाच दोष आहे. 'जनरेटर' ही एक वस्तू नसून साखळी आहे, हे दाखवायला ओळ पुरत नाही. बाणांची आकृती काढावी लागते.

केव्हा आणि कोण?

याविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे विज्ञान कमी आणि शिस्त जास्त आहे. शाळेच्या दोन विजेऱ्यांपैकी एकीत दोन वर्षांपूर्वीचे सेल फुटून आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला होता. सेल बाहेर काढून, पुठ्ठ्यावर तारीख लिहून शेजारी ठेवले असते तर ती पेटली असती. जनरेटरच्या टाकीत मागच्या वर्षीचे पेट्रोल होते. महिनोन् महिने पडून राहिलेले पेट्रोल उडून आणि बिघडून कार्ब्युरेटरमध्ये चिकट साका धरते, म्हणून शेड शाबूत असते तरी तो सुरू झाला असताच असे नाही. आणि शेडची किल्ली शिपाईमामांकडे होती. टाळेबंदीत ते आपल्या गावी अडकले होते.

शाळेला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एकेकाळी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तेथे उणे ऐंशी अंशांची शीतपेटी होती आणि तिच्यासाठी मोठा डिझेल जनरेटर होता. डिझेल भरलेले होते. एका रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, कारण त्याला चालना देणारी स्वतःची छोटी बॅटरी मेली होती. सकाळपर्यंत एका संशोधक विद्यार्थिनीचे तीन वर्षांचे नमुने वितळले. जनरेटरची तपासणी दर महिन्याला होत असे. नोंदवहीत सह्या होत्या. तपासणी म्हणजे डिझेलची पातळी पाहणे, एवढेच होते. वीज खरोखर तोडून भार त्यावर घेऊन पाहणे कोणीच केले नव्हते.

वीज निर्माण करणाऱ्यालाही सुरू होताना वीज लागते, हे मोठ्या प्रमाणावरही खरे आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातले आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्येकडचेही वीजजाळे कोसळले, सुमारे साठ कोटी लोकांच्या भागात अंधार झाला. औष्णिक केंद्रांना आपले पंप आणि पंखे फिरवायला बाहेरून वीज लागते, त्यामुळे अशा वेळी ती आपल्या बळावर उभी राहू शकत नाहीत. स्वतःच्या छोट्या जनित्रावर सुरू होऊ शकणारी जलविद्युत केंद्रे आणि शेजारच्या शाबूत जाळ्यातून येणारी वीज यांच्या आधाराने एकेक केंद्र जागे करावे लागते. 'पहिला धक्का कोण देणार?' हा प्रश्न शाळेच्या यादीतही असायला हवा.

विजेचा पर्याय वीजच नव्हे

यादीतल्या एका मोठ्या गृहीतकाकडे आता वळू. वीज गेली की वीजच हवी, असे यादी मानते. वास्तविक आपल्याला वीज कधीच नको असते. उजेड, पाणी, थंडावा, निरोप हवा असतो. त्या गोष्टी थेट साठवता येतात का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

त्या रात्री शाळेत आलेल्या एका आजोबांजवळ इन्सुलिनच्या कुप्या होत्या. घरचा फ्रीज बंद पडणार म्हणून त्यांच्या सुनेने त्या रुमालात बांधून आणल्या होत्या. यादीत यावर काहीच नव्हते. माठ सुचला, पण माठ बाष्पीभवनाने गार होतो आणि कोकणातल्या जूनच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदच असते. शेवटी छावणीत आलेल्या एका मासे विकणाऱ्या मावशींनी आपली थर्माकोलची पेटी पुढे केली. तिच्यात आदल्या दिवशीचा बर्फ अजून होता. कुप्या कापडात गुंडाळून, बर्फाला थेट टेकणार नाहीत अशा ठेवल्या, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पुढे गावात तीन आठवडे वीज नव्हती, पण तालुक्याहून बर्फ येत राहिला आणि पेटीने काम निभावले.

मावशींनी जे केले तेच तत्त्व प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवण्याच्या शीतकपाटात असते. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते; दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान दोन ते आठ अंशांत राहते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. दहा किलोंनी शोषलेली उष्णता ०.९ युनिटांहून अधिक भरते, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त. गच्चीवरची भरलेली टाकी ही साठवलेली उंची आहे, बर्फाची पेटी हा साठवलेला थंडावा आहे. दोहोंना ना सेल लागतात, ना पेट्रोल.

निरोपाचेही तसेच. भिंतीवर दहा दूरध्वनी क्रमांक होते, पण मोबाइलचे मनोरेही काही तास आपल्या बॅटऱ्यांवर आणि मग डिझेलवर चालतात. निसर्गनंतर अनेक गावांत फोन मुके झाले. तालुक्याला निरोप घेऊन दुचाकीवर जाणारा माणूस कोण, हे लिहिलेले असते तर ते दहा क्रमांकांहून मोलाचे ठरले असते.

यादीने न सांगितलेले धोके

दोन धोके सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण येथे अर्धवट सज्जता जिवावर बेतते. जनरेटर खोलीत, व्हरांड्यात किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दुसरे असे की जनरेटरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसून सारी इमारत उजळण्याचा उद्योग कोणी करू नये. ती वीज मीटरमधून उलट बाहेर जाते आणि रस्त्यावरचा रोहित्र तिला अकरा हजार व्होल्टपर्यंत चढवू शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्याने दगावू शकतो. यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. तो बसवलेला नसेल तर जनरेटरला थेट वेगळी वायर जोडून तेवढेच दिवे लावावेत.

यादीच्या बाजूने

परीक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. यादीमुळे निदान वस्तू जमतात. त्या दिवशी दोर झाडाखालून वाट काढायला उपयोगी पडला, कागदपत्रे प्लास्टिकच्या डब्यात कोरडी राहिली, प्रथमोपचार पेटीतले जंतुनाशक आणि पट्ट्या संपेपर्यंत वापरल्या गेल्या. या तीन वस्तूंना काय साम्य आहे? त्या दुसऱ्या कशावर अवलंबून नाहीत. यादी अशा वस्तूंसाठी चांगली आहे. साखळीने चालणाऱ्या वस्तूंसाठी ती अपुरी आहे.

शिवाय यादी अशीच का लिहिली जाते, हेही समजून घ्यायला हवे. वरून येणाऱ्या तक्त्यात 'जनरेटर आहे काय? होय/नाही' असा रकाना असतो. 'किती तास, किती भारावर, शेवटचे केव्हा चालवून पाहिले' असा नसतो. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर शाळा देणार. शिक्षकांवर आधीच कागदांचे ओझे आहे; त्यात आणखी चार रकाने वाढवण्याची सूचना आम्ही संकोचाने करत आहोत.

पैशांचा प्रश्न कोणीही उपस्थित करील. पण वर सांगितलेल्या उपायांपैकी बहुतेकांना पैसे लागत नाहीत. आदल्या संध्याकाळी टाकी भरणे, पंखे बंद ठेवणे, सेल बाहेर काढणे, किल्लीची दुसरी प्रत शेजारच्या घरी देणे, यांचा खर्च नगण्य आहे. महाग आहे ती उलट हिशेबावाचून केलेली खरेदी.

वर्गात काय करता येईल?

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेता येईल. शाळेतल्या प्रत्येक दिव्याचे आणि पंख्याचे वॅट त्यांनी टिपावेत, बॅटरीचा हिशेब मांडावा आणि मग तो खरा ठरतो का ते पाहावे. एखाद्या शनिवारी, पूर्वसूचना देऊन, शाळेचा मुख्य स्विच जाणत्या माणसाच्या हातून चार तास बंद करावा. काय काय अडते याची नोंद मुलांनी ठेवावी. प्रत्येक अडलेल्या गोष्टीपासून मागे मागे जात बाणांची साखळी काढावी: नळ, टाकी, पंप, वीज, किल्ली, माणूस. रेडिओ लावून कोणते केंद्र खरोखर ऐकू येते ते पाहावे. आपल्या वस्तीत इन्सुलिन घेणारे, घरी ऑक्सिजनचे यंत्र वापरणारे, तान्ही बाळे असलेले किती, याची गणती ग्रामपंचायत आणि आशाताईंच्या मदतीने शिक्षकांनी करावी. ती भिंतीवर न लावता कपाटात ठेवावी.

बाईंनी आपली चौकट आता बदलली आहे. दहाऐवजी सातच वस्तू आहेत, पण प्रत्येकीपुढे चार रकाने आहेत. 'पाणी' या ओळीत लिहिले आहे: १००० लिटर, पिण्यापुरते, ८० माणसे, ४ दिवस, गच्चीवर, इशारा येताच भरणे, नववीच्या वर्गशिक्षिका, त्या नसल्यास शेजारच्या दुकानदारांचा मुलगा. 'थंडावा' ही नवी ओळ आहे. तिथे मासळीबाजारातल्या मावशींचे नाव आहे. जनरेटर पक्क्या खोलीत, उंच ओट्यावर आला आहे, आणि चालवायच्या वेळी ओढून अंगणात आणता यावा म्हणून त्याला चाके लावली आहेत. त्याच्या ओळीतला शेवटचा रकाना पेन्सिलीने लिहिलेला आहे, कारण तो दर तीन महिन्यांनी खोडावा लागतो: 'भार घालून चालवला, तारीख.'

आम्ही गेलो तेव्हा तिथे नऊ दिवसांपूर्वीची तारीख होती.